सत्तरीनंतरची मात्रा

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि या पट्ट्याची ओळख प्रवरेच्या पाण्याशी व उसाशी जोडली गेली. येथील किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातील आजी-आजोबांच्या उशाशी आज एक ठरलेला संसार दिसतो. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, च्यवनप्राशाचा डबा, कॅल्शियमची बाटली, मुंबईच्या नातवाने आणलेले ‘मल्टिव्हिटॅमिन’ आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी. त्यातील पहिल्या दोन गोळ्या कुणीतरी तपासून दिलेल्या असतात. उरलेल्या वस्तूंची मात्रा मात्र बहुधा वेष्टनावर छापलेली, आणि ती तिशीतल्या माणसाला व पंचाहत्तरीतल्या माणसाला एकच असते.

म्हातारपणी माणसाला अशा पूरक पदार्थांची मात्रा वाढवून द्यावी की कमी करून? हा प्रश्न आधुनिक वाटतो. पण भारतीय वैद्यकात त्याचे लेखी उत्तर किमान सहाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्यात वयाचा आकडासुद्धा दिलेला आहे.

ते उत्तर शार्ङ्गधरसंहितेत आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचला गेलेला हा ग्रंथ म्हणजे वैद्याचे हाताशी ठेवण्याचे पुस्तक. त्यात तत्त्वचर्चा थोडी. वजने, मापे, कृती आणि मात्रा भरपूर. शार्ङ्गधराने चूर्णाची व कल्काची मात्रा वयानुसार बांधून दिली. एक महिन्याच्या बाळाला एक गुंज. वर्ष भरेपर्यंत दर महिन्याला एकेक गुंज वाढवायची. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला एकेक मासा. सोळाव्या वर्षी ही चढण थांबते आणि मात्रा सत्तर वर्षांपर्यंत स्थिर राहते. सत्तरीनंतर ती लहान मुलाप्रमाणेच धरायची, पण उलट दिशेने: हळूहळू उतरवत न्यायची.

या नियमाची रेषा कागदावर काढून पाहावी. ती चढते, दीर्घकाळ सपाट राहते आणि शेवटी उतरते. म्हातारा माणूस अशक्त झाला म्हणून त्याला औषध जास्त द्यावे, असे शार्ङ्गधर म्हणत नाही. शरीर उतरणीला लागले की औषधही उतरवावे, असे त्याचे म्हणणे. मूत्रपिंडे आणि यकृत वयानुसार मंदावतात, त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते, हे आजचे औषधशास्त्र सांगते आणि अनेक औषधांच्या बाबतीत वृद्धांना कमी मात्रेने सुरुवात करायला लावते. शार्ङ्गधराला मूत्रपिंडाचे कार्य आजच्या अर्थाने ठाऊक नव्हते. पण निरीक्षण होते, आणि ते बिनचूक होते.

हा आकडाही त्याने ब्रह्मवाक्य मानला नाही, हे तितकेच महत्त्वाचे. मात्रेला ठाम अशी स्थिती नसतेच, असे तोच आधी सांगून ठेवतो. काळ, अग्नी, वय, बल, प्रकृती, दोष आणि देश पाहून वैद्याने ती ठरवावी. म्हणजे सत्तरीची रेषा हा आरंभ. पुढचा निर्णय समोर बसलेल्या माणसाकडे पाहून.

आता ज्याच्या नावावर आज सर्वाधिक डबे विकले जातात त्या च्यवनप्राशाकडे वळू. त्याची कृती चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसायनप्रकरणात येते. जराजर्जर च्यवन ऋषी या अवलेहाने पुन्हा तरुण झाले ही कथा सर्वांना पाठ असते. त्याच ठिकाणी दिलेला मात्रेचा नियम मात्र फारसा कुणाला आठवत नाही. चरक तेथे तोळे-मासे सांगत नाही. जेवणाला अडथळा होणार नाही इतकीच मात्रा घ्यावी, एवढेच तो सांगतो.

वृद्धांच्या आहारावर आजवर लिहिल्या गेलेल्या सूचनांत याहून नेमकी सूचना सापडणे कठीण. उतारवयातले सर्वांत मोठे संकट बहुतेकदा जीवनसत्त्वाच्या अभावाचे नसून घटलेल्या जेवणाचे असते. दात नाहीत, चव गेली, एकट्याने जेवायचा कंटाळा येतो. अशा वेळी दोन मोठे चमचे गोड, जड अवलेह खाऊन सकाळची भूक मारली, तर त्या रसायनाने माणसाची भाकरीच काढून घेतली असे होते. मधुमेह असेल तर त्यातली साखर हा आणखी वेगळा हिशेब.

वाग्भटाने तर रसायनाची वेळच अलीकडे ओढली. अष्टांगहृदयात तो सांगतो की रसायन पूर्ववयात किंवा मध्यम वयात घ्यावे, आणि तेही शरीर शुद्ध करून. मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही तसे अशुद्ध देहावर रसायन चढत नाही. या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा प्रधान. गोदावरी-प्रवरेचा हा मुलूख त्याच यादवांचा. मोडी आणि मंदिरांपुरते हेमाद्रीचे नाव घेणाऱ्यांनी त्याची ही बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘नैसर्गिक आहे, मग कितीही घ्या’ ही समजूतही जुन्या ग्रंथांना मान्य नव्हती. पिंपळी हे रसायनातले मानाचे द्रव्य. तरीही चरक विमानस्थानात तीन वस्तूंचा अतिवापर टाळायला सांगतो, आणि त्या यादीत क्षार व मीठ यांच्या आधी पिंपळीच येते. अयोग्य रीतीने वापरलेले उत्तम औषधही विषासारखे होते, हे वाक्य पुढे वैद्यांच्या पिढ्यांनी पाठ केले.

पण मात्रा सांगणे वेगळे आणि मोजणे वेगळे. शार्ङ्गधराच्याच ग्रंथात मागध आणि कालिंग अशी दोन माने आहेत. मागध मानाचा मासा सहा गुंजांचा. कालिंग मानाचा आठांचा, क्वचित सातांचा. नाव एक, वजन दोन. परक्या प्रांतातील वैद्याची चिठ्ठी वाचणाऱ्याने मान विचारले नाही, तर रोग्याच्या पोटात तिसरा हिस्सा अधिक औषध जाण्याची सोय शब्दातच होती.

हा धोका दशमान पद्धतीने संपला असे वाटेल. संपलेला नाही. ‘ड’ जीवनसत्त्व आजही कधी मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, कधी आंतरराष्ट्रीय एककांत. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० एकके. आठवड्याच्या पुडीतली ६०,००० एकके म्हणजे केवळ दीड मिलिग्रॅम. आयुर्वेदाच्या आजच्या हिशेबात एक गुंज १२५ मिलिग्रॅमची धरतात. तिचे ऐंशीहून अधिक भाग केले तर त्यांतला एक भाग या पुडीएवढा होईल. डोळ्यांना न दिसणारी ही राई किती मोठी आहे ते दुसऱ्या बाजूने पाहिले तर कळते: प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार ६०० एककांची. म्हणजे ती पुडी शंभर दिवसांची शिदोरी. कमतरता सिद्ध झालेल्या माणसाला काही आठवडे, आठवड्यातून एकदा देण्यासाठी ती आहे. ‘आठवड्यातून’ हा शब्द कुणाच्या कानावरून गेला आणि पुडी रोज सुरू झाली, तर रक्तातले कॅल्शियम चढते. मग तहान, बद्धकोष्ठता, ओकाऱ्या, गोंधळलेले बोलणे, शेवटी मूत्रपिंडांना इजा. यातली निम्मी लक्षणे घरचे ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडून देतात, हा यातला सर्वांत वाईट भाग.

मात्रा वैद्याच्या हातातून वेष्टनावर कधी गेली?

महाराष्ट्रात या बदलाची सुरुवात १८७२ साली पनवेलमध्ये दिसते. कृष्णशास्त्री पुराणिकांनी तेथे धूतपापेश्वर कारखाना काढला. १८९९ मध्ये सांडू बंधू आले, १९१० मध्ये मुंबईत झंडू. घरोघरी किंवा वैद्याच्या खलात होणारे औषध आता बाटलीत भरून आगगाडीने शेकडो मैल जाऊ लागले. यात लाभ मोठा होता. कृती एकसारखी झाली, दुर्मीळ द्रव्ये सामान्य माणसाला मिळू लागली. पण बाटली जिथे पोचली तिथे वैद्य पोचलाच असे नाही. अग्नी, बल, प्रकृती, वय हे सारे पाहणारे डोळे मागे राहिले आणि ‘एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री’ एवढा मजकूर पुढे गेला.

नगर शहरातले काम या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. १९१७ साली तेथे आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले. आज ते वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाने ओळखले जाते. गुणेशास्त्रींचा ‘आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र’ हा मराठी ग्रंथ वैद्यांच्या कपाटात आजही असतो. तयार कल्पांची नावे पाठ असून भागत नाही. कोणता कल्प रोग्याच्या कोणत्या अवस्थेत चालतो आणि कोणत्या अवस्थेत नाही, हे कळले पाहिजे, हा त्याचा रोख. संस्कृतात अडकलेले हे ज्ञान मराठीत येणे ही त्या काळाची गरज होती, कारण औषध आधीच बाजारात आले होते. ज्ञान मागून धावत होते.

कायदाही असाच मागून आला. मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने वैद्यांची नोंदणी करण्याचा मार्ग काढला. औषधांचा कायदा १९४० चा. आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण त्यात १९६४ मध्ये घातले गेले. चमत्कारी गुणांच्या जाहिरातींना आवर घालणारा कायदा १९५४ चा, आणि त्याची आठवण करून देण्याची वेळ आजही वारंवार येते.

इथपर्यंतची कथा ‘कमी द्या’ या दिशेने जाते. पण इतिहास इतका सरळ नसतो. पुढचा अंक मुंबईत घडला आणि त्याने या नियमाला एक विलक्षण अपवाद जोडला.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरण्यांच्या या शहरात गरीब गर्भवती स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय गाठत होता. रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने अवाढव्य. विल्स त्यांच्या घरांत गेली, त्या काय खातात ते तिने पाहिले, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. शेवटी उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, ‘मार्माइट’ नावाच्या स्वस्त, खारट, काळ्या लगद्यात. १९३१ मध्ये तिने निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य कोणते हे तिलाही ठाऊक नव्हते. कित्येक वर्षे त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत टनावारी पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडले फॉलिक आम्ल. ते प्रयोगशाळेत बनवण्याचे श्रेय ज्या गटाला जाते त्याचे नेतृत्व आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते.

मुंबईच्या बायकांचे प्राण वाचवणारे हे द्रव्य १९४५ पासून गोळीच्या रूपात जगभर गेले. ते साहजिकच वृद्धांनाही दिले गेले. त्यांच्यातही मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसे. गोळी घेतली की रक्त सुधारे, चेहऱ्यावर तेज येई. काही महिन्यांनी मात्र त्यांतल्या कित्येकांचे पाय बधिर होत, तोल जाई, स्मृती ढळे. कारण त्यांचा रक्तक्षय फॉलिक आम्लाच्या अभावाचा नव्हताच. तो दुसऱ्याच एका घटकाच्या अभावाचा होता. १९४८ मध्ये तो घटक हाती आला: बी-१२ जीवनसत्त्व.

बी-१२ कमी असेल तर रक्तही बिघडते आणि मज्जातंतूही. जास्त फॉलिक आम्ल यातले रक्त दुरुस्त करते आणि मज्जातंतूंना तसेच सोडते. धोक्याचा कंदील विझतो, पण आग आत चालूच राहते. म्हणूनच १९९८ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी पूरक पदार्थांतून रोज घ्यायच्या फॉलिक आम्लाला एक मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी साधी फॉलिक आम्लाची गोळी अनेकदा ५ मिलिग्रॅमची असते. डॉक्टरांनी कारण पाहून दिली तर ती योग्यच. सूनबाईच्या बाळंतपणातली उरलेली बाटली सासूबाईंनी ‘रक्त वाढायला’ म्हणून सुरू केली, तर मुंबईतला जुना विजय घरात पराभव होऊन येऊ शकतो.

आणि अपवाद तो हाच. शार्ङ्गधराची रेषा सत्तरीनंतर उतरते, पण बी-१२ च्या बाबतीत पूरक देण्याची गरज चढते. अन्नातले बी-१२ मोकळे करायला जठरातले आम्ल लागते, शोषायला जठरातूनच स्रवणारे एक प्रथिन लागते. म्हातारपणी जठराचे अस्तर झिजते आणि ही साखळी तुटते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि पित्तावरच्या रोजच्या गोळ्या ती आणखी क्षीण करतात. शिवाय हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नाही. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातून मिळते तेवढेच. पुण्यात केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला, तेव्हा तरुण स्त्रियांमध्येच बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली, फॉलिक आम्ल मात्र पुरेसे. जी तरुणपणीच रिकामी आहे ती तिजोरी सत्तरीत भरलेली कशी असेल? म्हणून पायांना मुंग्या आणि विसराळूपणा यांना ‘वय झाले’ म्हणण्याआधी एक रक्ततपासणी करणे शहाणपणाचे ठरते.

‘जास्त म्हणजे जास्त चांगले’ या समजुतीचे परीक्षण विसाव्या शतकाच्या शेवटी झाले आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी नापास झाली. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना दिलेल्या बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढला; हे १९९४ चे निष्कर्ष. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ‘ड’ जीवनसत्त्वाची ५ लाख एकके दिली. हाडे वाचवण्यासाठीच केलेला हा प्रयोग. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा पुडी घेणाऱ्या स्त्रिया जास्त वेळा पडल्या होत्या आणि त्यांची हाडे जास्त मोडली होती.

देशी औषधांची परीक्षाही याच काळात झाली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमधील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वनस्पतीची ओळखच चुकली असावी, तिच्यासारखी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे. वाद कुणीही जिंकला तरी आजोबांच्या दृष्टीने निष्पन्न एकच: पेल्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. घरगुती जेष्ठमधाचेही तसेच. घशासाठी चघळलेली कांडी निराळी. महिनोन्महिने भरपूर घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरला हे कुणी सांगत नाही, कारण ते ‘औषध’ नव्हे.

खरे तर ती यादी डॉक्टरपुढे ठेवण्यासारखीच असते. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीसोबत घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोहोंत सुमारे चार तास हवेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनला ‘के’ जीवनसत्त्व निष्प्रभ करते, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘के’ असू शकते. वृद्ध पुरुषाचे लोह कमी निघाले तर नुसती लोहाची गोळी देऊन चालत नाही. पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का, हे आधी शोधावे लागते. तीन निरनिराळ्या बाटल्यांतून एकच जीवनसत्त्व तीनदा जाते, ही तर नेहमीची गोष्ट.

२०१६ च्या नियमांनी अशा पूरक पदार्थांना औषधांपासून वेगळे काढले. ते औषधोपचारासाठी नाहीत, हे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक झाले. अक्षरे बारीक असतात आणि साठीनंतर चष्म्याशिवाय दिसत नाहीत. हे वाचण्याचे काम घरातल्या तरुणांवर येते.

देवळाली प्रवरा ज्या तालुक्यात आहे त्याच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसोबत बाजरीचे एक वाण सिद्ध केले आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात दिले. नाव ‘धनशक्ती’. या बाजरीत किलोमागे सुमारे ७० मिलिग्रॅम लोह असते. त्यात बी-१२ नाही. त्यासाठी शेजारी दह्याची वाटी हवी, आणि जठर थकले असेल तर डॉक्टरांनी ठरवलेली गोळीही. पण दोन भाकऱ्यांच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही, पोट स्वतःच थांब म्हणते, आणि जेवणाला अडथळा होऊ नये ही चरकाची अट इथे आपोआप पाळली जाते, कारण इथे पूरक हेच जेवण आहे.